सूर्यभानरावांचा सत्कार

सोसायटीच्या गोदामात टीव्ही बसला त्या दिवसापासून एलियागुरुजी गावाला एकच गोष्ट समजावून सांगत आले होते, आणि आज पाहुण्यांसमोर त्यांनी ती पुन्हा सांगितली. "सिनेमा म्हणजे शिळं अन्न. कधीतरी शिजवून ठेवलेलं. टीव्हीचं तसं नाही. इथं जे दिसतं ते आत्ता, या घटकेला, मुंबईत घडत असतं."

खताच्या पोत्यांवर बसलेल्या गावानं माना डोलावल्या. पारनेरच्या पठारावरच्या त्या गावाला टीव्ही नवा होता, पण सरपंच सहादेव पाटलांनी गुरुजींच्या बोलण्याचा पडताळा घेतला होता. टीव्हीतल्या बाईनं मुंबईत पाऊस पडतोय असं सांगितलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी मुंबईहून भाजी टाकून आलेल्या ट्रक ड्रायव्हरला गाठून खात्री करून घेतली. पाऊस खरा निघाला. तेव्हापासून गुरुजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पाहुणे म्हणजे सूर्यभानराव. धुवट झब्बा घालून ते पुढच्या खुर्चीवर बसले होते, आणि गुरुजी काय सांगताहेत याकडे त्यांचं मुळीच लक्ष नव्हतं. तिथंच त्यांचं चुकलं.

सूर्यभानराव मूळचे याच गावचे. मिसरूड फुटायच्या आत घरातून पळाले आणि कोल्हापूरच्या एका स्टुडिओत पगारी नट म्हणून चिकटले. आवाज भारदस्त, मांडी घालून दिवसभर बसायची तयारी. मग काय, पहिल्याच बोलपटात त्यांना ऋषी केलं आणि ते ऋषीच राहिले. राजा बदलायचा, राणी बदलायची, शाप द्यायला मात्र सूर्यभानराव ठरलेले. त्यांनी पडद्यावर इंद्राला घाम फोडला, पण बेंबीपर्यंतच्या त्या दाढीतून त्यांचं तोंड असं कुणाला दिसलं नाही. पुढं पौराणिक चित्रपट मागं पडले, स्टुडिओला कुलूप लागलं, दाढी ट्रंकेत गेली. मधली वर्षं कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. मग मुंबईत टीव्ही आला. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातल्या नाटुकल्यात हट्टी म्हाताऱ्याचं काम मिळालं, आणि निर्माता वर म्हणाला, "दाढीबिढी काही नको हं. डबा एवढासा, चेहरा दिसला पाहिजे." त्या दिवशी सूर्यभानराव रस्त्यानं एकटेच हसत घरी गेले.

त्यांना तो चेहरा दाखवायचा होता एकाच माणसाला, थोरल्या बहिणीला. आई गेल्यावर आक्काबाईनंच त्यांना वाढवलं होतं. फार वर्षांपूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा आला तेव्हा ते तिला मुद्दाम घेऊन गेले होते. सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "दाढी झ्याक हाय. पन तू कुठं हायेस?" ते वाक्य त्यांना आजवर सलत होतं. गेल्या आठवड्यात टेपवर घेतलेलं नाटुकलं आज दाखवणार म्हटल्यावर ते मिळेल ती एसटी धरून आले होते. आक्का चष्मा पुसून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती. फेटा, हार, नारळ असं तबक तयार होतं, पण सरपंचांनी दुपारीच रोखठोक सांगून टाकलं होतं, "आदी दिसू द्या, मग सत्कार. आक्का जनमभर सांगती, भाऊ सिनेमात हाय म्हनून. आमी काय कुनी बघितला न्हाई."

पडद्यावरच्या मुंग्या हटल्या आणि सूर्यभानराव दिसले. धोतर, मुंडासं, आणि मुंडाशाखाली त्यांचं स्वतःचं, पुरतं उघडं तोंड. सूर्यभानरावांचा ऊर भरून आला. आता टाळ्या पडणार म्हणून त्यांनी झब्ब्याची बाही सारखी केली.

टाळ्या पडल्या नाहीत. गावानं टीव्हीकडं पाहिलं, मग खुर्चीकडं पाहिलं, मग परत टीव्हीकडं.

"गुरुजी," सरपंच म्हणाले, "हे आत्ता मुंबईत चाललंय ना?"

"आत्ताच," गुरुजी म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

"मंग सूर्यभान मुंबईत हाय. व्हय का न्हाई?"

"होय."

"मंग ह्ये खुर्चीवर कोन बसलंय?"

सूर्यभानराव हसले. "अहो पाटील, मीच तो. हे गेल्या आठवड्यात टेपवर भरून ठेवलेलं आहे."

"टेपात आवाज भरत्यात, ठावं हाय आमाला. अख्खा मानूस कसा भरनार? गुरुजी, भरता येतो का मानूस?"

गुरुजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. पण गावासमोर रोज सांगितलेलं गिळायचं म्हणजे शाळेत तोंड दाखवायची पंचाईत. त्यांनी घसा खाकरला. "माझ्या तरी वाचनात नाही," ते म्हणाले आणि छताकडं पाहू लागले.

सूर्यभानराव उठले. पडद्यावरचा म्हातारा बोलेल ते वाक्य त्याच्या बरोबरीनं, त्याच आवाजात, हातवाऱ्यांसकट म्हणू लागले. याहून मोठा पुरावा कुठला असणार? गाव चाट पडलं.

"बहुरूपी हाय," मागून गोजरबाई म्हणाली. "सुगीला न्हाई का येत, फौजदार बनून? ह्यानं सूर्यभानाचं सोंग आनलंय. आवाजबी उचललाय मेल्यानं."

आता सगळ्यांना उलगडा झाला, आणि कुणाला रागही आला नाही. बहुरूप्यावर कोण रागावतो? उलट दोघातिघांनी मान हलवून वाहवा केली. सूर्यभानरावांनी घाईघाईनं एका ऋषीचा जुना शाप म्हणून दाखवला, तर टाळ्या पडल्या. ज्या टाळ्यांसाठी ते आले होते त्या याच, पण भलत्याच माणसाच्या नावावर जमा झाल्या.

"आक्काला विचारा," ते शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले. "ती माझी सख्खी बहीण आहे."

सगळं गोदाम आक्काबाईकडं वळलं. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. "गप बसा की," ती म्हणाली. "माझा भाऊ बोलतोय."

निकाल लागला. कार्यक्रम संपताच सरपंचांनी तबक उचललं. ठरलेला सत्कार टाळणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी टीव्हीला हार घातला, वर फेटा बांधला, आणि तो घसरू नये म्हणून मागच्या बाजूनं सुतळीनं आवळला. गुरुजींनी टीव्हीकडं तोंड करून चार शब्द बोलून घेतले. नारळ भावाच्या वतीनं आक्काबाईनं पदर पसरून घेतला. हे सगळं सत्कारमूर्ती खुर्चीमागं उभं राहून पाहत होते. खुर्चीत आता गोजरबाई बसली होती.

घरी आक्कानं पिठलं-भाकरी वाढली. सूर्यभानराव ताटाला हात लावीनात. "आक्का, तू तरी मला ओळखलंस ना?"

"खुळा का काय? मांडीवर वाढवलाय तुला."

"मग तिथं बोलली का नाहीस?"

आक्कानं भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली. ती फुगल्यावर उचलून टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "ह्यो खरा म्हनले असते, तर त्यो खोटा झाला असता. तू निघून गेलास ना, तवापासून सांगत आले ह्या गावाला, माझा भाऊ सिनेमात हाय. पानवठ्यावर बाया हसायच्या. म्हनायच्या, म्हातारी थापा मारती. मीबी दाढीच बघितली हुती, मी काय दाखवनार? आज समद्यांनी तुजं त्वांड बघितलं, अन् एकानंबी 'न्हाई' म्हटलं न्हाई." तिनं डोळे पुसले; ती चुलीच्या धुराकडं बोट दाखवत होती, पण धूर नव्हता. "जेव आता. अन् सकाळच्या गाडीनं जा बाबा. तू हितं हिंडाय लागलास तर केल्यालं समदं मुसळ केरात."

सूर्यभानरावांना रडू आलं आणि हसूही आलं. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

सकाळी ते एसटीची वाट पाहत उभे असताना सरपंच आले. हातात ज्वारीचं भरलेलं सूप होतं. बहुरूप्याला गावातून रिकाम्या हातानं जाऊ देत नसतात.

"सोंग बेस वठवलं," सरपंच म्हणाले. "राग मानू नका, पन खऱ्या सूर्यभानची सर न्हाई. त्याच्या तोंडावर काय त्येज हाय!"

इतक्या वर्षांत आपल्या तोंडाबद्दल एवढं चांगलं सूर्यभानरावांनी कुणाकडून ऐकलं नव्हतं. त्यांनी मान लववली आणि ज्वारीसाठी पिशवीचं तोंड उघडून धरलं.