सेरिन्यातले अँटेने

"पाहुण्यासाठी फार आवरू नकोस पोरी," शेजारच्या दोना आल्झिरा भिंतीपलीकडून म्हणाल्या होत्या. "फार आवरलं की आपण कुठे राहतो तेच त्याला दिसत नाही." लुसिमाराने हो हो म्हणून ते कानाआड केलं. काखेत सहा महिन्यांचा काइक होता, गॅसवर दूध होतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यापेक्षा दूध जास्त घाईचं होतं.

पाहुणा राजधानीतून येणार होता. सेरिन्या गावाच्या डोंगरावर, क्रुसाच्या शेजारी, नगरपालिकेचा जुना मनोरा आहे. दूरच्या शहरातून येणारं टीव्हीचं चित्र तो झेलतो आणि खालच्या छपरांवर फुकट शिंपडतो. गावात अँटेन्यावर टीव्ही बघणारं अजून कोणी उरलंय का, हे पाहायला दोतोर एव्हराल्दो नावाचे साहेब येत होते. कोणी उरलं नसेल तर मनोरा बंद. मग ज्याला टीव्ही हवा त्याने दरमहा पैसे भरून केबलचा घ्यावा.

लुसिमाराला टीव्हीपेक्षा त्याचा आवाज लागे. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकून तिने एवढंच कमावलं होतं की आपल्या काळज्यांना आता तिला शास्त्रीय नावं देता येत. पहाटे दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असताना ती आधी काइकच्या नाकापुढे बोट धरी आणि मग भिंतीला कान लावी. पलीकडे दोना आल्झिरांचा टीव्ही पुटपुटत असला की दोघांचाही श्वास चालू आहे अशी तिची खात्री पटे. दोना आल्झिरांना मागेपुढे कोणी नव्हतं, आणि गुडघेही आता असून नसल्यासारखेच होते. तो टीव्ही गप्प झाला तर म्हातारी आहे की गेली हे कळणार कसं, हीच लुसिमाराची काळजी.

म्हणून पाहुणा येण्याच्या आदल्या दिवशी तिने स्वतःचा अँटेना खाली काढला. काढला तो घासायला. सेरिन्यात प्रत्येक छपरावर बांबू असतो, बांबूवर अँटेना आणि चित्र स्वच्छ यावं म्हणून त्याच्या टोकांना भांडी घासायच्या तारेचे गोळे. पहाटे त्यांच्यावर दव चमकतं तेव्हा वाटतं, वाऱ्याने जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाने आपापले ढग घराला बांधून ठेवलेत. लुसिमाराचे ढग गंजून तांबडे झाले होते. साहेबांना निदान नवे दिसावेत, एवढीच तिची इच्छा. पण काइकचा पहिला दात नेमका त्याच दुपारी यायला निघाला, त्याने घर डोक्यावर घेतलं, आणि अँटेना परसात पडून राहिला.

समोरच्या बेकरीतून बेकरीवाल्या सेउ अमांसिओने हे पाहिलं होतं. कॉलेज शिकलेली मुलगी अँटेना उतरवते म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं म्हणून त्याने स्वतःचा उतरवला आणि पावाबरोबर ही बातमी गिऱ्हाइकांना बांधून दिली. दुपारी बातमी अशी झाली की राजधानीतल्या लोकांना अँटेने गचाळ वाटतात. संध्याकाळी अशी, की या साहेबांना अँटेना दिसला की शिसारीच येते. बिचाऱ्या दोना आल्झिरांचं एकटीचं छप्पर वाईट दिसायला नको म्हणून सेउ अमांसिओ स्वतः शिडी घेऊन चढला आणि त्यांचाही उतरवून आला.

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात दोतोर एव्हराल्दो मान वर करून गल्लीतून फिरले. वर नुसतं आभाळ होतं.

"अँटेना? छे हो साहेब," सेउ अमांसिओ त्यांच्या हातात चीजचे गरम गोळे ठेवत म्हणाला, "आम्ही काय इतके मागासलेले वाटतो?"

पुढच्या घरी तेच उत्तर मिळालं, त्याच्या पुढच्याही घरी. साहेब खिशातून पेन काढत असतानाच लुसिमारा रडणाऱ्या काइकला घेऊन बाहेर आली. तिने छपरं पाहिली, पेन पाहिलं, आणि ती पुढे झाली.

"साहेब, काल होते," ती म्हणाली. "अँटेने. सगळ्यांकडे होते. आज आवरून ठेवलेत."

"आवरून ठेवलेत," साहेब हळुवार म्हणाले. बाळंतपणानंतर बायकांना झोप मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात काइक रडायचा थांबला, आणि त्या शांततेत लुसिमाराला आणखी एक शांतता ऐकू आली. भिंतीपलीकडची. दाताच्या रडारडीत कालपासून तिने तिकडे कानच दिला नव्हता. ओळख ना पाळख, तिने काइकला साहेबांच्या हातात दिलं आणि पळत सुटली. मूल सांभाळत साहेब मागून धावले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दोना आल्झिरा टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर बसल्या होत्या. अंगात निळा फुलाफुलांचा झगा, गालांवर पावडर, हात मांडीवर. बातम्या देणारा माणूस रोज त्यांच्याकडे बघून शुभ संध्याकाळ म्हणायचा; त्याच्यासमोर घरच्या कपड्यांत बसणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी साहेबांचा टाय पाहिला, चापून बसवलेला भांग पाहिला.

"काल का नाही आलात?" त्या म्हणाल्या.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मी तयार होऊन बसले होते. बसा. कॉफी घ्या, आणि सांगा बातम्या."

खुलासा करता आला असता, पण कॉफीचा पहिला घोट घेऊन झाला होता, आणि बाईची कॉफी घेतल्यावर तिला नाही म्हणायची त्या भागात पद्धत नाही. साहेबांनी घसा साफ केला. "शुभ संध्याकाळ."

"शुभ संध्याकाळ," दोना आल्झिरा केस सावरत म्हणाल्या.

येताना लागलेला पूल खचलाय, अशी पहिली बातमी झाली. पुढे रस्त्यात एक गाय बसली आहे आणि तिचा उठायचा विचार दिसत नाही. दक्षिणेकडे ढग जमताहेत. साहेबांची मेहुणी कायमची पोर्तुगालला निघाली आहे. बाहेर उजेड मावळत गेला, दरीतून धुकं चढत आलं, काइक त्या आवाजावर साहेबांच्या खांद्यावरच झोपून गेला. खिडकीत एकेक चेहरा उगवू लागला. कालपासून कोणीच काही पाहिलं नव्हतं.

"साहेब, मालिकेत काय झालं?" सेउ अमांसिओने खिडकीतून विचारलं. "तो आपला भाऊ आहे हे तिला कळलं का?"

साहेब मालिका बघत नव्हते. खिडकीभर उसासा पसरला. मग सेउ अमांसिओने त्यांना पहिल्यापासून कथा सांगितली, आणि बाकीच्यांनी त्याला पावलोपावली दुरुस्त केलं.

"पण तुम्ही तर टीव्ही बघत नाही म्हणालात," साहेब म्हणाले.

"बघत नाही," सेउ अमांसिओ म्हणाला. "नुसतं कळतं."

साहेब उठले तेव्हा दोना आल्झिरांनी विचारलं, "उद्या याच वेळेला ना?"

त्यांनी खिडकीतल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, झोपलेलं मूल आईकडे दिलं आणि पेन उघडलं. "रोज इथवर यायला मला गाडी कोण देणार, दोना आल्झिरा? त्यापेक्षा मनोराच चालू राहू दे."

ते गेल्यावर लुसिमाराने दोना आल्झिरांना जपून सांगितलं की तो बातम्यांवाला नव्हता.

"मला काय दिसत नाही?" त्या म्हणाल्या. "बातम्यांवाला याच्याहून देखणा आहे. पण तू त्याला दारात उभं राहून समजावत होतीस. अशाने कोणाला काही समजतं का? आधी बसवून कॉफी द्यावी लागते."

त्याच रात्री गाव पुन्हा छपरांवर चढलं आणि भिंत पुटपुटू लागली. लुसिमाराचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या भिंतीपलीकडेही कोणाचा तरी टीव्ही जरा मोठ्याने चालत असेल, तुम्हाला त्याचा त्रासही होत असेल. तो कधी एकाएकी थांबला, तर सुटलो म्हणू नका. हातातलं मूल कोणाकडे तरी द्या आणि जाऊन दार वाजवा.