लिंगप्पा दाजींची अंधारी खोली

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की मी हसून पानाचा डबा पुढं करायचो. पण आता वय झालं, आणि मुरुम गावात लिंगप्पा दाजींबद्दल जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे. ते खोटं आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूस मी आहे. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुभद्राचे यजमान. मुरुमच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान आहे. डोकेदुखीची गोळी मागितली तर गोळीऐवजी उलटतपासणी मिळते, असं दुकान अख्ख्या तालुक्यात हे एकच!

गिऱ्हाईक कपाळ दाबत येतं. "दाजी, डोकं लई ठणकतंय. गोळी द्या."

दाजी बरणीला हात लावत नाहीत. तराजू खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "खाल्लं का? झोपला का? उन्हात गेल्ता का?"

नेहमी हेच तीन प्रश्न आणि याच क्रमानं. कलेक्टर आला तरी क्रम बदलायचा नाही.

"ओ दाजी, गोळी द्या की! चौकशी कशाला?"

"मालक, डोकं आपल्या मनानं दुखत न्हाय. दुसरंच कायतरी बिघडतंय, डोकं निस्तं बोंबलतंय. बोंबलणाऱ्याचं तोंड दाबून काय हुतंय? सांगा, सकाळधरनं पोटात काय गेलंय?"

"चहा."

"चहा! निस्ता चहा!" दाजींना एवढा आनंद होतो की जणू हरवलेली म्हैस सापडली. "आनि पानी? पानी कवा पिला?" गिऱ्हाईक आठवत बसतं. तोवर तांब्या पुढं आलेला असतो. दाजींच्या घरी निम्मं बोलणं कानडीत चालतं. उत्साहात आले की ते कानडीतच ओरडतात, "नीरु कुडी! आधी नीरु कुडी!" पाणी पी म्हणतात. मग मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, आणि दुकानाच्या सावलीतली खुर्ची. गोळी न्यायला आलेला माणूस ढेकर देऊन घरी जातो. काही जण चिडून समोरच्या दुकानात जातात. पण बरेच जण संध्याकाळी परत येऊन लांबूनच हात वर करतात, "थांबलं, दाजी!"

दाजी वेडे आहेत, पण आंधळे नाहीत. त्यांच्या लेखी डोकेदुखीच्या दोन जाती. एक आपली आणि एक डॉक्टरची. अचानक कवटी फुटल्यागत दुखू लागलं, मान ताठली, तापात डोकं फणफणलं, जीभ जड झाली, की ती डॉक्टरची. मग दाजी शेंगदाण्यांचं नावही काढत नाहीत. गल्ल्यावर कुणालाही बसवतात, स्कूटर काढतात आणि त्या माणसाला मागं बसवून दवाखाना गाठतात. दुकान उघडं राहिलं तरी फिकीर नाही.

आमच्या गल्लीत एक मास्तर आहेत. त्यांचं डोकं फक्त रविवारी दुखायचं. बायको म्हणायची, घरकामाला टाळाटाळ. डॉक्टर म्हणाले, चष्मा बदला. चष्मा बदलला, तरी रविवार काही सुटेना. शेवटी दाजींनी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, शाळंत चहा किती हुतोय?"

"तास संपला की एक."

"आनि रविवारी?"

"घरी ही देते तेवढाच. सकाळी एक, दुपारी एक."

दाजींनी मांडीवर थाप मारली. "मग डोकं सुट्टी मागत न्हाय, मास्तर, चहा मागतंय! रोज थोडा थोडा तोडा त्याला. एकदम तोडला तर बोंबलनारच." मास्तरांनी तसं केलं आणि रविवार सुटला. त्यांच्या बायकोनं मात्र दाजींना अजून माफ केलेलं नाही, कारण आता रविवारी मास्तर दिवसभर ठणठणीत असतात आणि तिच्याच कामात चुका काढत बसतात.

आणि ते भूमकडच्या पाहुण्यांचं लग्न! मंगलाष्टकं सुरू झालेली, अक्षता हातात, आणि दाजी एकदम स्टेजवर. नवरदेवाचा फेटा दोन्ही हातांनी धरून सैल करायला लागले. मुलीचे मामा ओरडले, "ओ, कोन हाय ह्ये? मुहूर्त टळतोय!"

"टळू द्या!" दाजी ओरडले. "पोराचा रंग बघा. फेटा कवटीला आवळलाय, सकाळधरनं उपाशी हाय, वरनं ह्यो लाइट डोळ्यात, आनि हारात अत्तर. आता उलटी केली तर सासऱ्याच्या अंगावर करंल!"

मांडव हसून कोसळला. नवरदेव तेवढ्यात हळूच म्हणाला, "काका, अजून जरा सैल करा." तेव्हापासून लग्नात फेटे बांधणारा माणूस दाजी दिसले की आपणहोऊन एक पीळ सोडतो.

पण खरी गंमत म्हणजे दुकानामागची खोली. पूर्वी तिथं मिरच्यांची पोती असायची. दाजींनी पोती पुढं आणली, खिडकीला दुहेरी गोणपाट लावलं, आत एक बाज टाकली, कोपऱ्यात माठ ठेवला. ज्याचं डोकं फारच धरलंय त्यानं तिथं पडायचं, कपाळावर गार पाण्याची पट्टी, पाय कोमट पाण्यात. नियम कडक. चपला बाहेर. अगरबत्ती, अत्तर, तंबाखू बाहेर. बाई आत गेली तर बांगड्या काढून गोणपाटाच्या खिळ्याला अडकवायच्या, त्यांची किणकिण कानात टोचते म्हणून. आणि आत बोलायचं नाही. एक शब्द नाही. सरपंच एकदा आत मोबाइलवर बोलले, तर दाजींनी त्यांना बाजेसकट बाहेर ओढलं.

आता लोक काय म्हणतात ते सांगतो. "लिंगप्पाला ह्ये याड बायकोपायी लागलं," म्हणतात. "सुभद्रा लई तापट. लग्नाच्या पैल्या वर्षीच येळवशीला आंबिलीची बिंदगी रागानं बांधावर आपटली. तवापासनं ह्याचं डोकं जे दुखायला लागलं ते वैद्य होऊनच थांबलं!" सगळे हसतात. मीही हसायचो.

इथंच ते खोटं आहे.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गाव रिकामं आणि शिवार भरलेलं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारतात, पूजा करतात, आणि आंबील, भज्जी, उंडे खायला येईल त्याला बोलावतात. दाजींच्या घरी रीत अशी की ज्वारीच्या आंबिलीनं भरलेली बिंदगी, म्हणजे मातीचं मडकं, नव्या सुनेनं डोक्यावरून शेतात न्यायची. पूजा होईपर्यंत तिनं खायचं नाही.

सुभद्राची पहिली येळवस. भाऊ म्हणून मला मानानं बोलावलेलं. मी पोचलो तर ती माजघरात भिंतीला डोकं लावून बसलेली. आदली रात्र रांधण्यात गेलेली, पोटात काही नाही. तिची सासू मला म्हणाली, "पावनं, तुमची बहीन सकाळधरनं अशी बसलीया. तिला काय हुतंय?"

पाहुण्यांनी घर भरलेलं. मला वाटलं, आपल्या घराची लाज जाईल. मी हसत म्हणालो, "लहानपणापासून असंच आहे हिचं. काम दिसलं की डोकं दुखतं."

सगळे खदखदा हसले. सुभद्रानं माझ्याकडं बघितलं, उठली, आणि बिंदगी डोक्यावर घेतली.

बांधावरून ती पुढं आणि मी तिच्या मागं. बाकीचे बरेच पुढं गेलेले. ऊन वर आलेलं. मध्येच ती हळू झाली. म्हणाली, "दादा, डाव्या अंगाचं दिसंना झालंय. डोळ्यापुढं आरशाचा कवडसा नाचतोय."

मी म्हणालो, "नाटकं पुरे. चल, लोक बघतायत."

ती चार पावलं गेली असेल. मग बांध डावीकडं वळला आणि ती सरळ गेली. मडकं फुटलं, आंबील काळ्या मातीत, आणि त्यात ती. सासू धावत आली आणि ओरडली, "आपटली! रागानं आपटली गं बाई बिंदगी! वर्साच्या सनाला!" मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण मागं मीच होतो.

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

तेवढ्यात लिंगप्पा आला. नवा नवरा, वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायचीही चोरी. तो सरळ मातीत बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आपला टॉवेल भिजवून तिच्या डोळ्यांवर धरला आणि वाकून तिला विचारलं, "खाल्लं का? झोपलीस का? उन्हात कवाधरनं हायस?"

त्या दिवशी तिला हे विचारणारा तो पहिला माणूस.

तिची अर्धशिशी पुढं कित्येक वर्षं चालली. ती अंधारी खोली तिच्यासाठीच झाली. वय झालं तशी तिची दुखणी आपोआप विरत गेली. आता ती खोली तिला लागत नाही. दाजींनी मात्र गोणपाट काढलं नाही. बाजारात कपाळ दाबणारा कुणी दिसला की अजून रस्ता ओलांडून धावतात.

गेल्या येळवशीला सकाळीच माझं डोकं धरलं. दाजींनी तीन प्रश्न विचारले. मी खाल्लं होतं. झोपलो होतो. ऊन अजून यायचं होतं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढून दाजी म्हणाले, "चला. पडा आत."

घरातले बाकीचे शेतात गेले. मी अंधारात डोळे मिटून पडलो. थोड्या वेळानं कपाळावर गार पट्टी आली. बांगड्यांचा आवाज नव्हता, पण हात मला कळला. लहानपणी जात्यावर चेंगरलेलं वाकडं बोट कपाळाला लागलं.

"सुभे," मी म्हणालो, "त्या दिवशी..."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. दारातून दाजींची दबकी हाक आली, "शू! हितं बोलायचं न्हाय."

ऊन उतरल्यावर आम्ही शेतात गेलो. कोपीत भाचा पाहुण्यांना रंगवून सांगत होता, "आमची आई म्हंजी काय! पैल्याच येळवशीला बिंदगी आपटली हुती!" पाहुणे हसले. मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी सुभद्राच म्हणाली, "व्हय, आपटली. लई राग हुता मला तवा." आणि माझ्या वाटीत आंबील ओतत म्हणाली, "पी रं दादा, उपाशी ऱ्हाऊ नगं. डोकं दुखंल."

मी प्यालो. दाजी पलीकडं बघत होते. सांगायचं वाक्य मी तसंच घेऊन घरी आलो, अजून ते माझ्याजवळच आहे. सुभे, मी तुझ्या मागंच होतो. माझं लक्ष होतं. तू आपटली नाहीस.