सात नंबरचा उमेदवार

ऑफिसात सगळे त्याला भाऊ म्हणत. प्रोग्रामर म्हणून लागून चौदा वर्षं झाली होती. त्यातली शेवटची सहा टीमचा प्रमुख या नात्याने नुसती मीटिंगांत गेली. प्रोग्राम लिहिणं कधी सुटलं, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. त्यामुळे साहेबांनी एक अनुभवी प्रोग्रामर घ्यायचं ठरवून उमेदवारांची परीक्षा बाहेरच्या कंपनीकडे सोपवली, तेव्हा भाऊ धास्तावला. नवा माणूस कोणाच्या जागेवर येणार, ते काही कोणी सांगेना.

शनिवारी सकाळी भरतीच्या मॅडमचा मेसेज आला. 'भाऊ, परीक्षेची लिंक पाठवलीय. नीट उघडतेय का, तेवढं बघा.' भाऊने घरच्या टेबलावर बसून ती उघडली. नीट उघडली. इतकी नीट, की थेट परीक्षाच सुरू झाली.

'उमेदवार क्रमांक सात. वेळ साठ मिनिटं. कॅमेरा चालू आहे. उठू नये, बोलू नये, दुसरा माणूस दिसू नये. तीन चुका झाल्या की परीक्षा बंद. अर्धवट सोडल्यास नापास. अहवाल थेट मालकांकडे.'

भाऊने परीक्षा बंद करायला नेलेला हात मागे घेतला. अहवालात नाव आणि चेहरा लपवतात, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. पण मालक म्हणजे साहेबच, ते वासावरूनही ओळखतील. त्याने पहिला प्रश्न वाचला. शब्द सगळे ओळखीचे होते, पण त्यांचं एकमेकांशी काय नातं ते आठवेना.

तेवढ्यात सासूबाई आल्या.

"जावईबापू, चहा टाकू का?"

भाऊने पापणीही हलवली नाही.

"अहो, चहा विचारतेय मी." त्या जवळ आल्या आणि वाकून त्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. लगेच पडद्यावर लाल पट्टी आली. 'चूक एक. दुसरा चेहरा.'

"अगं, इकडे ये आधी," सासूबाईंनी लेकीला हाक मारली. "जावईबापू बोलत नाहीयेत. डोळेसुद्धा फिरत नाहीत."

बायको ओल्या हाताने धावत आली. तिने कपाळाला हात लावला, मान हलवून पाहिली. 'चूक दोन. तिसरा चेहरा.'

"अहो, काय होतंय? निदान हात तरी उचला."

आता आणखी एक चूक झाली की संपलंच. भाऊने हात उचलला आणि उत्तराच्या चौकटीत टाइप केलं, 'परीक्षा आहे. बाहेर जा.'

बायकोने वाचलं. "या वयात?" एवढंच म्हणून तिने आईला बाहेर नेलं आणि दार लावून घेतलं. उरलेली पन्नास मिनिटं भाऊ जीव मुठीत धरून लिहीत होता.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. समोर कागद होते.

"भाऊ, सगळे उमेदवार पडले. एकच जरा बरा निघाला, सात नंबरचा. शंभरात अठ्ठेचाळीस."

किती लिंका पाठवल्या ते मॅडमनाही आठवत नव्हतं, त्यामुळे सात नंबर कोणाचा ते कोणाला कळलं नव्हतं, तेवढाच भाऊला आधार होता.

"माणूस तिरसट दिसतो," साहेब म्हणाले. "पहिल्याच प्रश्नाला लिहितो, 'परीक्षा आहे. बाहेर जा.' पण पुढचं बरं लिहिलंय. बघा जरा."

भाऊने स्वतःचीच उत्तरं पहिल्यांदा बघितल्यासारखी चाळली. "साहेब, याला घ्यायचा कोणाच्या जागेवर?"

"तुमच्यापेक्षा सरस असेल तर टीम त्याच्याकडे देईन. उगाच कशाला लपवू? आता तुम्हीच खरं सांगा. आहे का तुमच्यापेक्षा बरा?"

हो म्हणावं तर खुर्ची जाते. तो मीच म्हणावं तर अठ्ठेचाळीस गुण गळ्यात पडतात. भाऊने आयुष्यात प्रथमच साहेबांना अगदी तंतोतंत खरं सांगितलं.

"नाही साहेब. माझ्याइतकाच आहे. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही."

साहेबांनी कागद उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

"मग राहू दे. तुमच्यासारखे तुम्ही एक आहात, तेवढे पुरे."

भाऊचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी घरी येईपर्यंत तो मजेत होता. बायकोने पाण्याचा ग्लास हातात दिला आणि विचारलं, "लागला का हो निकाल?"

"नाही घेतलं मला," भाऊ म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला खरंच वाईट वाटलं.