धोंडीशेठचा नाचाचा सिनेमा

धोंडीशेठला तोंड होतं, पण ते फक्त पान खायला. रस्त्यात भेटले की उपरण्याखाली तुमचा हात ओढायचे आणि बोटं दाबून ख्यालीखुशाली विचारायचे. चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव असाच रुमालाखाली ठरतो, कबूल. पण मी पोस्टातला कारकून. माझी बोटं दाबून ह्या अडत्याला काय मिळणार होतं?

स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली असतील. गावात तंबूतला सिनेमा आला. अख्खी गोष्ट नाचात, बोलणं औषधालाही नाही. नायक नाचत रुसतो, नायिका नाचत भाकऱ्या थापते, सासरा मरतो तोही तालात. लोकांनी कांदे फेकले, तेही सडके. चांगला कांदा फेकणारा चाकणकर अजून जन्मायचाय. शेवटी तंबूत शेठ उरले आणि तिकीट फुकट जाऊ नये म्हणून मी.

"भाऊसाहेब, बघा! ती बोटं दाखवती, त्यो मान हलवतो. सौदा तुटला!"

"शेठ, ते प्रेम आहे."

"त्येच की वं. परवडंना त्याला."

दुसऱ्या दिवशी हे ध्यान बाजारात पोत्यांच्या थप्पीवर चढून नायिकेसारखी कंबर हलवत होतं. हमाल पोती टाकून हसत बसले. दुपारी तंबूवाला मुक्काम हलवायला लागला, तर ह्यांनी त्याच्या खटाऱ्यापुढे बसकण मारली.

"आजच्याला अजून एक खेळ कर, राव. पाया पडतो. मानूस मी आणतो."

वेड लागलंय, मी म्हटलं, आणि संध्याकाळी ते वेड बघायला मुद्दाम गेलो.

रिकाम्या तंबूत दोघंच होती. शेठ आणि त्यांची बायको, काशीबाई. जन्मापासून बहिरी-मुकी बाई. तिला काय कळणार म्हणून गावानं तिला ना कधी कीर्तनाला बोलावलं, ना नाटकाला.

शेठ पडद्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. सासरा मेला तशी काशीबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि हा दांडगा माणूस हुंदके द्यायला लागला.

खेळ सुटल्यावर दोघं पायी घरी निघाली. काशीबाई दोन्ही हातांनी त्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगत होत्या. आणि शेठ, जणू आपण तो सिनेमा पाहिलाच नाही अशा तोंडानं, वाटेत थांबून थांबून खुणेनं विचारत होते, मग पुढं काय झालं?