नावं ठेवा, पीठ न्या

आमच्या तिसगावात बशीरभाईंच्या गिरणीवर गरजवंताला फुकट पीठ मिळतं. पण एक अट आहे. आधी पिठाला नावं ठेवायची, मग पिशवी उचलायची. कुणी मान खाली घालून, हात जोडून पिशवी घ्यायला लागलं की बशीरभाई ती परत ओढून घेतात. "काय खोट हाय ते सांग आधी," म्हणतात. समोरचा म्हातारा गडबडतो.

"खोट न्हाई बाबा, ब्येस हाय."

"न बघताच ब्येस? हात घाल आत. चिमूट जिभेवर ठेव. मंग बोल."

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माणूस तऱ्हेवाईक दिसतोय. माझं शिवणाचं दुकान गिरणीच्या बरोब्बर समोर आहे, त्यामुळे मला वाटण्याबिटण्याचा प्रश्न नाही. मला खात्री आहे.

आमचं वैर जुनं. काळा ब्लाऊज शिवायला घेतला की संध्याकाळपर्यंत तो राखाडी होतो, कारण त्यांच्या गिरणीतलं पीठ रस्ता ओलांडून माझ्या मशीनवर येऊन बसतं. मी पलीकडून ओरडते, "बशीरभाई, दाराला पडदा लावा." त्यांना गिरणीच्या आवाजामुळे निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं ते ऐकून घेत नाहीत. स्वतः मात्र इतक्या मोठ्यानं बोलतात की त्यांच्या घरातल्या गोष्टी स्टँडवर कळाव्यात. वय सत्तरीच्या आसपास, भुवयांवर कायम पिठाचा थर, आणि कानावर अडकवलेली पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्यांनी कधी काही लिहिलेलं मी बघितलेलं नाही.

पिठाचा हा उद्योग त्यांनीच सुरू केला. गिरणीच्या दाराशी दोन पत्र्याची पिंपं ठेवली, एक बाजरीचं, एक गव्हाचं. दळण घेऊन येणाऱ्यानं पाळीला लागायच्या आधी आपल्या धान्यातली एक ओंजळ पिंपात टाकायची. सक्ती कुणाला नाही. पण न टाकता कुणी पुढे सरकलं की बशीरभाई त्याच्याकडे बघत बसतात, आणि ते बघणं फार लांबतं. साठलेलं धान्य ते स्वतःच्या लाईटबिलावर दळतात. पिशव्या मी शिवते, अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या. हे सांगताना माझी छाती जरा फुगते, ती मी लपवत नाही.

पीठ जातं कुणाकडे, तर मुख्य म्हणजे मागे राहिलेल्यांकडे. दिवाळी झाली की आमच्याकडच्या वाड्यावस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. टोळ्या ऊसतोडीला निघतात, आणि घरात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. पोरांनी ठेवून दिलेलं धान्य कधी पुरतं, कधी पुरत नाही. पुरलं नाही तर सांगायचं कुणाला?

"मग सरळ द्या की हो," मी एकदा चिडून म्हटलं होतं. "त्या बिचाऱ्यांना बोलायला कशाला लावता?"

त्यांनी गिरणीचं बटन बंद केलं. म्हणजे आता महत्त्वाचं काहीतरी येणार.

"शैलाताई, तुमच्याकडं बाई ब्लाऊज घेऊन जाती तवा काय म्हनती?"

"काय म्हणणार? बाही घट्ट झाली म्हणते, गळा मोठा झाला म्हणते. ब्लाऊज चांगला झाला असं आजवर एकीनं म्हटलेलं नाही."

"का म्हनती? गिऱ्हाईक हाय म्हनून. ही म्हातारी मानसं जलमभर माजी गिऱ्हाईकं. पीठ जाड आलं म्हनून माज्या बापाशी भांडलेली. आता फुकट घेत्यात म्हनून गप बसली, तर मला बघवत न्हाई."

एवढं बोलून त्यांनी बटन दाबलं. मला पुढे काही बोलायचं होतं, पण गिरणीपुढे कोण बोलणार?

मग काय, माणसं बोलायला लागली. आधी चाचरत, मग सरावानं. पीठ जाड आहे, पीठ गरम आहे, कचकच लागते, मागच्या वेळची बाजरी गोड होती, यंदाची कडू आहे. किसनतात्या नावाचे एक म्हातारे आहेत, अंगानं काडी पण जीभ तिखट. त्यांना एकदा पिठात काहीच सापडेना. पिशवी उलटीपालटी करून ते म्हणाले, "पिशवीची शिवण तिरकी हाय." मी दुकानातून उठून आले. शिवण सरळ होती, देवाशप्पथ सरळ होती. बशीरभाई मात्र खूश. "तात्या, ह्याला म्हनत्यात गिऱ्हाईक," म्हणाले आणि त्यांना वर चिमूटभर पीठ जास्त घातलं.

या तालमीचं फळ मागच्या वर्षी दिसलं. एक पुढारी टेम्पोतून तांदूळ घेऊन आले. दोन पोती तांदूळ आणि पोत्यांपेक्षा मोठा फलक, त्यावर त्यांचाच हसरा फोटो. बरोबर मोबाईल धरलेली चार माणसं. पुढाऱ्यांनी पहिली पिशवी नेमकी किसनतात्यांच्या हातात दिली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. तात्यांनी सवयीनं आत हात घातला, मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि म्हणाले, "सायेब, ह्याला कुबट वास मारतोय. आन किडं बी हायेत, ह्ये बघा." मागच्या दोघी म्हाताऱ्यांनीही हात घातले. एकीनं कणी फार असल्याचं सांगितलं. मोबाईलवाले चित्रण बंद करायचंच विसरले.

पुढाऱ्यांचा चेहरा पडला. "बशीरभाई, माणसं शिकवून ठेवलीत का?"

"व्हय," बशीरभाई म्हणाले. "लई मेहनत पडली."

आठवड्याभरानं त्याच टेम्पोतून चांगला तांदूळ आला, फलकाशिवाय. याचं श्रेय त्या पुढाऱ्यांच्याही पदरात घालायला हवं, माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता. त्या दिवशी मला माझ्या गावाचा असा काही अभिमान वाटला की काळ्या ब्लाऊजबद्दल मी पुढे बरेच दिवस तोंड उघडलं नाही.

पण हे सगळं झालं गिरणीवर येणाऱ्यांचं. जी येतच नाही तिचं काय करायचं?

गयाबाई आमच्या ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहते. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेली, जवळ शाळेत जाणारी एक नात. यंदा दिवाळीनंतर तिचं दळण गिरणीवर आलंच नाही. बशीरभाई दोन-तीनदा माझ्याशी बोलले, "गयाबाई दिसली का तुमाला?" मी म्हटलं, असेल बाई कामात. मग एक दिवस नात माझ्याकडे गणवेशाची उसवलेली बाही शिवून घ्यायला आली. टाके घालता घालता मी सहज विचारलं, आज काय जेवलीस?

"शाळेत खिचडी. घरी आजीनं भात दिला."

"आणि आजी काय जेवली?"

"आजीचा उपास असतो."

"आज कसला उपास?"

"रोजच असतो," ती म्हणाली.

पोरगी गेल्यावर मी रस्ता ओलांडून गेले आणि बशीरभाईंना सांगितलं. त्यांनी बटन बंद केलं. पाळीला बसलेल्या बायका ओरडायला लागल्या, अर्धं दळण आत होतं. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पिंपाच्या कडेला हात टेकून उभे राहिले, मग पुन्हा बटन दाबलं.

दुसऱ्या दिवशी गयाबाई बाजाराच्या रस्त्यानं चालली होती, तेव्हा त्यांनी तिला हाक मारली. "गयाबाई, तुमचं पीठ ऱ्हायलंय हितं. घेऊन जावा."

"मी दळान आनलंच न्हाई, तर पीठ कुठनं ऱ्हायलं?" ती म्हणाली आणि चालायला लागली. खोटं बोलण्यात बशीरभाईंचा हात किती कच्चा आहे ते सगळ्या रस्त्यानं ऐकलं.

मग त्यांनी मला पाठवलं. मी पिशवी घेऊन वस्तीवर गेले, इकडचं तिकडचं बोलले, चहा प्यायले आणि निघताना पिशवी हळूच चुलीमागे ठेवून आले. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दुकानात येऊन बसले. तासाभरात गयाबाई पिशवी घेऊन गिरणीवर हजर. आली, सगळ्यांच्या देखत ते पीठ बाजरीच्या पिंपात ओतलं, पिशवी झटकली, घडी घातली आणि माझ्या मशीनवर आणून ठेवली. "आजवर ह्या हातानं ओंजळ टाकली," म्हणाली. "आता त्योच हात पुढं करू व्हय? मला न्हाई जमायचं."

पिंपभर बाजरीत पीठ मिसळलं. बशीरभाई आणि मी दुपारभर चाळणीनं चाळत बसलो. मी वैतागले होते. म्हटलं, कसला हा ताठा, पोटात अन्न नाही आणि. बशीरभाई चाळता चाळता म्हणाले, "हाय न्हवं मानूस? असं पायजे." पण बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हातारी वाळत चालली होती, आणि हे त्यांनाही दिसत होतं.

पुढच्या शनिवारी सकाळपासून लाईट नव्हती. गिरणी बंद. भरदुपारी बशीरभाई माझ्या दुकानात आले. तोंड धुतलेलं, भुवया काळ्या, बगलेत पिठाची पिशवी. मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही.

"चला माज्यासंगं," म्हणाले. "बाईमानसाच्या घरी एकटा कसा जाऊ?"

नात खेळायला गेली होती, गयाबाई अंगणात शेळीला पाला टाकत होती. पिशवी बघूनच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. बशीरभाईंनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाले, "गयाबाई, मला भाकरी करून घाला."

मी मनात म्हटलं, ही तिसरी युक्ती. गयाबाईलाही तेच वाटलं. "गिरनीवाल्याच्या घरी पिठाला तोटा हाय व्हय? कुनाला सांगता?"

"पिठाला तोटा न्हाई. थापायला कुनी न्हाई. खातून गेल्यापासनं मी पावच खातोय. सकाळी चा-पाव, राती चा-पाव. आख्ख्या गावाचं दळतो, पन माज्या घरात भाकरी झाली न्हाई त्या दिवसापासनं."

मी त्यांच्याकडे बघितलं. युक्ती करताना हा माणूस ओरडतो, हातवारे करतो. आता त्यांचे हात नुसते लोंबकळत होते. खातूनभाभी, त्यांची बायको, गेल्या त्याला कित्येक वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो, सणाला येतो. बेकरीवाल्याचा पोरगा रोज गिरणीवर पुडा टाकून जातो, हे मी रोज बघत आले होते. म्हाताऱ्याला पाव आवडतो, असं मी धरून चालले होते. मला एकदम फार वाईट वाटलं.

गयाबाईनं पिशवी उचलली, आत गेली आणि काठवट घेतली. मी चूल पेटवायला बसले. घरात दुसरं काही नव्हतं, तिनं हिरव्या मिरच्या भाजून ठेचल्या. भाकरी टम्म फुगली तेव्हा बशीरभाई दारातून नुसते बघत होते, लहान मूल बघतं तसं.

तिनं त्यांच्यापुढे ताटली ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"तुमी बी घ्या," म्हणाले.

"मी मागनं खाईन."

त्या मागनं खाण्याचा अर्थ आम्हा तिघांनाही माहीत होता. बशीरभाईंनी ताटली तिच्याकडे सरकवली. उभ्या आयुष्यात हा माणूस हळू बोललेला मी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी बोलला.

"मागनं न्हाई, गयाबाई. समोर बसा. भाकरीचं ऱ्हाऊ द्या, पन एकट्यानं खायचा मला लई कटाळा आलाय. समोर कुनी घास घेतोय, आसं बघून जमाना झाला."

गयाबाईनं तव्याकडे तोंड फिरवलं. मग पदरानं डोळे पुसले, धुराकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि दुसरी ताटली काढली. त्यांच्या समोर मांडी घालून बसली. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. तिनं घास गिळलेला बघितला, तेव्हाच बशीरभाईंनी स्वतःचा पहिला घास घेतला.

दोन घास झाल्यावर गयाबाई म्हणाली, "उद्या सांच्याला या. दोडक्याचं कालवन करते."

"येतो," बशीरभाई म्हणाले.

मी घरून पोटभर जेवून निघाले होते. तरी फडताळातून तिसरी ताटली काढली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.