गव्याचा भाव आणि खवलेशेठच्या शेंगा

एका जंगलात एक पाणवठा होता. पाणवठ्याशेजारी फुटबॉलचं मैदान होतं. आणि मैदानाच्या कोपऱ्यावर भाजलेल्या शेंगांचं दुकान होतं. मुलांनो, जंगलात वाघ असतो हे तुम्हाला कुणीही सांगेल. दुकान असतं, हे दुकानदारच सांगतो.

दुकान खवलेशेठचं. खवलेशेठ म्हणजे खवल्या मांजर. नाव मांजराचं, अंगावर चिलखत आणि खाणं फक्त मुंग्या. शेंगेला त्यांनी जन्मात तोंड लावलं नव्हतं. शेंगा भाजण्याचं काम त्यांच्या पत्नीचं, भागाबाईंचं. खवलेशेठ गल्ल्यावर बसत आणि सामना बघत.

बघत म्हणजे काय, सामना मैदानात कमी आणि दुकानात जास्त चाले. कोण किती लायकीचा, कुणाला डोक्यावर चढवलंय, कुणाला फुकट पोसलंय, हे खवलेशेठना बसल्या जागेवरून दिसे. स्वतः त्यांनी चेंडूला कधी पाय लावला नव्हता. चेंडू जवळ आला की ते अंगाची गुंडाळी करून घेत. मग चेंडू कुठला आणि शेठ कुठले, हे पंचालाही कळत नसे.

"खेळता येत नाही म्हणूनच पारख आहे," ते म्हणत. "हलवाई कुठं स्वतः गोड खातो?"

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दर वर्षी टेकडीवरच्या जंगलाशी मोठा सामना व्हायचा. जिंकेल त्याचं मैदान. बरोबरी झाली तर ज्याचं आहे त्याचंच राहायचं. आणि टेकडीवाले सामना बघायला येताना घरून फुटाणे बांधून आणत. म्हणजे मैदान गेलं की खवलेशेठचं दुकानही गेलं. एवढा साधा हिशेब होता.

पाणवठ्याच्या संघात काळबा नावाचा गवा होता. गव्याचे चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे असतात, त्यामुळे काळबा आईच्या पोटातूनच मोजे घालून आला होता. तो दुकानाच्या बाजूला, गोलाच्या पुढे उभा राहून बचाव करायचा. उभा राहायचा म्हणजे खरोखरच उभा राहायचा. पळायचा नाही. उडी मारायचा नाही. त्याचा चेंडूला पाय लागलेला फारसा कुणाला आठवत नव्हता.

कारण चेंडू तिथपर्यंत येतच नसे. समोरचा हरणासारखा पळत यायचा. समोर काळबा दिसायचा. मग त्याला घरची आठवण व्हायची आणि चेंडू मागे धाडून तो गवत हुंगायला लागायचा. काळबाच्या मागे गोलात अस्वल होतं. आधी तिथे साळिंदर होतं, पण ते चेंडू झकास पकडायचं आणि दर वेळी चेंडू फुटायचा. अस्वल बरं होतं. ते झोपायचं.

चेंडू काळबाच्या बाजूला आला की प्रेक्षकही हुश्श करत. पाय मोकळे करत. कुणी म्हणे, "चला, शेंगा घेऊ." सगळे पाठ फिरवून दुकानाकडे येत. पळसाच्या पानांचे द्रोण पटापट भरले जात.

हे बघून खवलेशेठ हळहळत. शेंगा मोजून देत आणि हळहळत.

"अगं, बघितलंस? याच्याकडे चेंडू गेला की लोक पाठ फिरवतात! ज्याचा खेळ बघवत नाही त्याला संघात ठेवायचं कशाला?"

भागाबाई कढई हलवत म्हणाल्या, "गिऱ्हाईक तोंड करून आलं काय नि पाठ करून आलं काय, आपल्याला काय करायचंय? द्रोण द्या इकडे."

"तुला खेळातलं कळत नाही."

"नाही कळत. शेंगा करपतात ते कळतं. द्रोण द्या."

आणि एके दिवशी टेकडीवरून तरस आला.

तरस खेळाडूंचा दलाल. या जंगलातला पाय त्या जंगलात नेऊन विकायचा. धंदा जोरात होता, कारण तरस सतत हसायचा. त्याचा जबडाच तसा. खवलेशेठना गिऱ्हाईक ओळखण्याच्या पुष्कळ खुणा ठाऊक होत्या. बगळा भाव विचारताना एका पायावर उभा असतो. दुसरा पाय टेकला की समजावं, भाव पटला. माकड भाव ऐकून डोकं खाजवतं; खाजवायचं थांबलं की समजावं, उचलून पळणार. पण तरस महागालाही हसे आणि स्वस्तालाही हसे. त्याच्यापुढे कुठलीच खूण चालत नसे.

"महाराज," तरस सिंहाला म्हणाला, "तुमचा काळबा द्या. बदली आमचा मोर देतो. पिसाजी!"

पिसाजी मोराचं नाव ऐकून अख्खं जंगल शहारलं. पिसाजी गोल मारायचा आणि मग पिसारा फुलवून असा नाचायचा की समोरच्या संघातले टाळ्या वाजवायचे.

सिंहमहाराजांना फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं. राजाला सगळं कळलं पाहिजे असं कुठं आहे? ते म्हणाले, "खवलेशेठ, तुम्ही रोज ओरडता. तुम्हीच भाव करा."

झालं. खवलेशेठनी नवं उपरणं काढलं.

मुलांनो, गुरांच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर कापड टाकतात आणि कापडाखाली बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसतं. आमच्या या जंगलातही तीच रीत होती.

आधी मालाची तपासणी झाली. खवलेशेठनी काळबाचे दात पाहिले. खूर पाहिले. पाठीवर थाप मारली, शेपटी उचलून बघितली.

"शेठ, शेपटीत काय बघताय?" काळबानं विचारलं.

"गप रे. भाव चालू असताना मालानं बोलू नये." मग ते लोकांकडे वळले. "आमच्या वडिलांनी एकदा खरबूज घेतलं होतं. नुसतं वाजवून! घरी कापलं तर आत पांढरंफट. पण वडील म्हणाले, वाजलं छान होतं. मंडळी, हा काळबा तर वाजतसुद्धा नाही. चेंडूला पाय लावल्याचा एकतरी आवाज कुणी ऐकलाय?"

"नाही!" लोक ओरडले.

"मग किंमत कशाची द्यायची? नुसत्या उभं राहण्याची? उभं तर झाडही राहतं."

लोक हसले. तरस तर आधीपासूनच हसत होता.

उपरणं पडलं. उपरण्याखाली तरसाची बोटं आणि शेठची लांब नखं यांची झटापट झाली. तरस "आई गं" म्हणाला, पण हसतच. शेवटी भाव ठरला. त्यांचा मोर यांना, यांचा गवा त्यांना, आणि वर दोन पोती शेंगा आपण द्यायच्या.

"आपण?" भागाबाईंनी विचारलं. "आपला रेडा जातोय आणि वर आपणच द्यायच्या?"

"रेडा नाही, गवा. आणि तो घेऊन जाताहेत, हेच त्यांचे उपकार. तुला व्यवहारातलं कळत नाही."

निघताना काळबा दुकानापाशी थांबला.

"येतो शेठ. तेवढं दुकानाला छप्पर घाला."

"का रे?"

"मी तिथे उभा असायचो, म्हणून दुपारचं ऊन तुमच्यावर येत नव्हतं."

खवलेशेठना ते फार लागलं नाही. टाकाऊ माल जाताना काहीतरी बोलतोच.

पिसाजी आला आणि मैदानाला रंग चढला. काय सांगू मुलांनो! पहिल्याच सामन्यात पिसाजीनं गोल केला आणि नाचला. तो नाचत होता तेवढ्यात समोरच्यांनी दोन गोल केले. कारण दुकानाची बाजू मोकळी होती आणि अस्वलाला जागं राहायची सवय उरली नव्हती. मग पिसाजीनं पुन्हा गोल केला. पुन्हा नाच. पुन्हा अस्वलाची धांदल. इकडे गोल, तिकडे गोल. लोकांचे श्वास अडकले. माकडं फांद्या धरायच्या विसरून खाली पडली.

"याला म्हणतात खेळ!" खवलेशेठ गल्ल्यावर उभे राहून ओरडले. उन्हानं त्यांचे खवले तापून चटके बसत होते, पण त्यांना भान नव्हतं. "बघितलंस का गं? कुणी पाठ फिरवली?"

"नाही फिरवली," भागाबाई म्हणाल्या.

पुढचा सामना तसाच. त्याच्या पुढचाही तसाच. आणि त्यानंतरच्या सामन्यात भागाबाईंनी भरलेला द्रोण शेठच्या नाकाखाली धरला.

"वाजवून बघा."

"काय?"

"शेंग. तुमच्या वडिलांसारखी वाजवून बघा."

खवलेशेठनी शेंग हलवली. दाणा वाजेना. सादळली होती. मागची पोतीही सादळली होती. आज भाजलेल्याही तशाच पडून होत्या.

मग शेठनी आयुष्यात पहिल्यांदा चालू सामन्याकडे पाठ केली आणि आपल्या दुकानाकडे पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. गिऱ्हाईक म्हणावं अशी एक माशीसुद्धा नव्हती. सगळं जंगल मैदानाकडे डोळे लावून, मूठ तोंडात घालून बसलं होतं. मूठ तोंडात असताना शेंगा कोण खाणार?

खवलेशेठ मटकन खाली बसले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "लोक त्याच्याकडे पाठ करत होते ती काळजी नव्हती म्हणून."

"हो."

"आणि पाठ करून आपल्याकडे येत होते."

"हो. आता तोंडात मूठ घालू नका. उठा. मोठा सामना आलाय. त्यांच्या बाजूनं काळबा उभा राहिला तर आपण गोल कुठून करणार? आणि आपल्या बाजूनं कोण उभं राहणार, तुमचं झाड?"

शेठ तसेच टेकडीवर पळाले.

तरस दारातच बसला होता. हसत होता.

"या शेठ! काळबा हवाय?"

"छे छे. सहज आलो होतो. इकडे वारा चांगला येतो." शेठ दम खात म्हणाले. "बरं, तो तुमच्याकडे नुसता उभाच असेल ना? लोक कंटाळले असतील."

"फार कंटाळलेत. आमच्या फुटाणेवाल्यांनी घरचे फुटाणे संपवून गवत खाल्लं परवा. पिसाजीची आठवण काढून रडतात."

"मग स्वस्तात देऊन टाका की."

"देतो ना. उपरणं आणलंय?"

उपरणं पडलं. तरसानं शेठची सगळी बोटं दाबली. मग दुसऱ्या हाताची दाबली. मग म्हणाला, "पायाचीही लागतील, शेठ."

"अहो, तुम्हीच नेलात तेव्हा हाच गवा दोन पोत्यांत गेला होता! तीही आम्हीच वर दिली होती!"

"तेव्हा तो तुम्हाला नको होता," तरस म्हणाला. "आता हवा आहे. मधे त्याच्यात केवढी सुधारणा झाली बघा."

"पण सामना तोंडावर आलाय. त्याला दिलंत तर तुमचं जंगल हरेल, याचं काही वाटत नाही तुम्हाला?"

तरस पहिल्यांदाच खरं हसला. "शेठ, मी दलाल आहे. मला कुठलं जंगल?"

पिसाजी परत गेला. आणि त्याच्याबरोबर दुकानातल्या शेंगा गेल्या. कोठीतल्या गेल्या. पुढच्या हंगामाच्या बोलून ठेवलेल्या गेल्या. भागाबाईंनी मोठ्या सामन्यासाठी खास भाजून ठेवलेल्या, मीठ लावलेल्या, त्याही पोत्यासकट गेल्या.

मोठ्या सामन्याच्या दिवशी काळबा आपल्या जागेवर उभा राहिला. दुकानावर सावली पडली. टेकडीवाले पळत आले, काळबा दिसला, त्यांना घरची आठवण झाली. पिसाजीसुद्धा आला, थबकला आणि गोल न करताच थोडासा नाचून परत गेला. अस्वल झोपलं. ना यांचा गोल, ना त्यांचा. असा कंटाळवाणा सामना जंगलानं कधी पाहिला नव्हता.

बरोबरी झाली. मैदान राहिलं. दुकान राहिलं.

सिंहमहाराजांनी खवलेशेठच्या गळ्यात हार घातला. "एवढी किंमत मोजली म्हणजे पारख असलीच पाहिजे!" महाराज म्हणाले. "यापुढे सगळ्या संघाचे भाव शेठच ठरवतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन पोती देऊन काळबाला घालवणारे हेच, ते कुणालाही आठवलं नाही. आठवलं असतं तरी लोकांनी त्यालाही डावपेच म्हटलं असतं.

पण खवलेशेठचं लक्ष हाराकडे नव्हतं. सामना चालू असताना सगळं जंगल पाठ फिरवून दुकानाकडे आलं होतं. नुसती झुंबड. आणि कढई रिकामी.

"शेंगा नाहीत?" ससा म्हणाला. "बरं, मग पलीकडून घेतो."

"पलीकडे कुठून?"

मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर तरस बसला होता. पुढ्यात पोती. पळसाचे द्रोण. रांग पार पाणवठ्यापर्यंत गेली होती. तरस हसत होता, आणि या वेळी कशाला ते सगळ्यांना कळत होतं.

हार गळ्यात घालूनच खवलेशेठ रांगेत उभे राहिले. एक द्रोण घेतला. परत येऊन काळबाच्या सावलीत बसले. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक शेंग फोडून तोंडात टाकली.

"अगं," ते म्हणाले, "फार चांगल्या भाजल्यात."

"मीच भाजल्यात," भागाबाई म्हणाल्या. "द्या इकडे दोन."

तात्पर्य : खेळाडूची खरी किंमत जाणून घ्यायची असेल तर आधी त्याला स्वस्तात विकून टाकावं, परत घेताना समोरचा ती अचूक सांगतो. ज्यानं हे दोन्ही व्यवहार स्वतः केले, त्याला तज्ज्ञ म्हणतात. शहाण्या मुलांनी तज्ज्ञ होऊ नये. त्यांनी तज्ज्ञाच्या समोरच्या कोपऱ्यावर त्याच्याच शेंगा विकायला बसावं.