नलिनीअक्कांच्या जोड्या

आमच्या नलिनीअक्का पत्रिका जुळवतात, पण हृदयविकाराच्या पेशंटांच्या. अँजिओग्राफीचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी धरतात आणि चष्म्यावरून बघत म्हणतात, "ह्यांची डावी नस, त्यांची उजवी. छत्तीस गुण, अण्णा!"

झटका येऊन घरी परतलेल्या माणसाच्या गोळ्या, तपासण्या, व्यायाम यांची घडी बसवणं ही अक्कांची हॉस्पिटलातली नोकरी. जोड्या लावणं हा मात्र त्यांचा स्वतःचा शोध. "डॉक्टरांशी माणूस बिनधास्त खोटं बोलतो. आपल्यासारख्याच फाटक्याशी बोलताना स्वल्प लाजतो," हे त्यांचं शास्त्र.

मीही असाच झटका येऊन परतलेला, महादेवपुऱ्यातला संगणकवाला, मूळचा पुण्याचा. म्हणजे सल्ला द्यायला तयार, घ्यायला कच्चा. माझ्या वाट्याला आले आनेकलचे तुकोजीराव. बायको गेलेली, हार्डवेअरचं दुकान विकलेलं, घरात एकटे. रोज संध्याकाळी फोन कानाला लावून दोघांनी आपापल्या गल्लीत चालायचं आणि एकमेकांच्या चहाड्या अक्कांकडे करायच्या, असा करार.

पहिल्याच आठवड्यात मी सोफ्यावर बसून नुसत्या धापा टाकल्या. लगेच अक्कांचा फोन. "अण्णा, चालणाऱ्याच्या मागे हॉर्न वाजतात. तुमच्या मागे कुकरची शिट्टी झाली म्हणे!" आमची बायको हसण्यात इतकी गुंग, की वरण करपलं.

मग एकदा चालता चालता तुकोजीराव म्हणाले, "गोळ्या सोडल्या मी. बरं आहे की आता. अक्काला सांगू नको."

गोळ्या सोडल्या तर नसेत बसवलेल्या स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होते, हे मला पाठ होतं. तरी मी इथल्या कानडीत "सरी", म्हणजे ठीक, म्हणालो. दोस्ती ना! पण जेवताना एकच पोळी चिवडत बसलो. बायकोने कारण काढून घेतलं आणि म्हणाली, "छान. दोस्ती जपा. दोस्त गेला तरी चालेल."

मी अक्कांना फोन केला. त्या ओरडल्या नाहीत. डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि मला सोबत घेऊन सरळ आनेकलची बस पकडली.

"चहाडखोर!" दार उघडताच तुकोजीरावांनी माझं स्वागत केलं.

अक्कांनी गोळ्यांचा विषयच काढला नाही. "काय केलंय जेवायला?"

"भात. ताक."

"वाढा."

जेवता जेवता तुकोजीरावच बोलले. "ती होती तेव्हा बीपीची गोळी हातावर आणून ठेवायची. आता कोणासाठी गिळायची, अक्का?"

आता व्याख्यान होणार म्हणून मी पाण्याच्या पेल्यात तोंड घातलं. अक्कांनी भातात ताक कालवलं.

"मी पण एकटीच," त्या म्हणाल्या. "ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवते. ताट कोण घेणार, अण्णा?"

तुकोजीराव उठले. गोळ्या घेऊन आले, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी अक्कांकडून दाखवून घेतली, तोंडात टाकली, वर पाणी प्याले. मग अक्कांकडे न बघता म्हणाले, "रविवारी या. नाचणीच्या उकडीचे गोळे, आपले मुद्दे, करतो. इथे बसून जेवा."

अक्कांनी ताट पुढे केलं आणि आणखी थोडा भात मागून घेतला.